म्हात्रेकाकांची मिठाची डबी

उरणच्या लाइनवर मीठ साचतं ना, तसे म्हात्रेकाकांचे किस्से माझ्याकडे साचलेत. कितीही पुसा, पुन्हा बसतात!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. हाय व्होल्टेज लाइनच्या टॉवरवर चिनी मातीच्या डिस्क असतात. त्यांच्यावर खाडीचं मीठ बसलं की दवात लाइन ट्रिप होऊन वीज जाते. म्हणून आम्ही वीज मंडळाची माणसं डिस्क उतरवून डिस्टिल्ड पाण्यानं पुसायचो आणि त्या पाण्यात मीठ किती ते मीटरवर बघायचो.

*

पुसायचं काम काकांचं. मिठागरात वाढलेला माणूस. मीटर लावायच्या आधीच बोट बुडवून जिभेला लावायचे. "लय हाय. धुवा लायन!"

मीटरही तेच सांगायचा. एकदा मीटर बिघडला तर साहेब म्हणाले, "टेन्शन कसलं? काका आहेत ना!"

*

कळंबोलीच्या पोलाद बाजाराजवळच्या डिस्कचं पाणी मात्र काकांनी चाखून थुंकलं. "ह्यान मीठ नाय, लोखंड हाय. समुद्रानं असा कधी केला नाय बा!"

*

मग काकांचे पाय सुजले. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, मीठ बंद. मिठागरवाल्याला! आम्हीही डब्यात अळणी आणायला लागलो. तिसऱ्या दिवशी काका वैतागले, "सजा मना झालीय, तुमाना कशाला रं?"

*

एकदा त्यांच्या खिशात कॅमेऱ्याच्या रोलची डबी सापडली. आत खडेमीठ, त्यांच्याच मिठागरातलं. ते मिठागर कधीच भरावाखाली गेलं होतं.

मी रागावलोच. "काका, काकींचा तरी विचार करा!"

"खात नाय रं. नुसता बगतो."

मी डबी ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं.

*

हॉस्पिटलात त्यांनी पेज बाजूला सारली. "एक खडा दे रं."

"बरे व्हा, अख्खी डबी देतो," मी म्हटलं.

दोन दिवसांनी काका गेले. एक खडा दिला असता तर काय बिघडलं असतं, हे मी आजही स्वतःला विचारतो.

*

दहाव्याला खाडीवर पिंड ठेवला. कावळे समोरच बसलेले, पण एकही शिवेना. मुलानं शब्द दिला, "आईला सांभाळीन." काकींनी हात जोडले, "नातीचा लगीन मी करीन, काळजी नको." ऊन चढलं. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले.

काकी माझ्याकडे वळल्या. "भाऊ, तुमी पन बोला काय तरी."

मी खिशात हात घातला. ड्रॉवरमधली डबी मी बरोबर आणली होती. ती उघडली आणि एक खडा भातावर ठेवला.

मी दोन पावलं मागे येतो न येतो, तोच कावळा शिवला.