मिस हेलेनाच्या आईला भेटायला

सांगलीहून निघाले तेव्हा दारात सुमो उभी होती आणि तिच्यात सामानापेक्षा सूचनाच जास्त भरल्या होत्या. बाबा ड्रायव्हरला खंबाटकी घाटाबद्दल बजावत होते, जसा काही बिचारा पहिल्यांदाच स्टिअरिंगला हात लावत होता. आईला गाडी लागते, त्यामुळे ती मुंबईपर्यंत येणार नव्हती. तिनं माझ्या हातावर दही घातलं, पदरानं डोळे पुसले आणि मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "तिथं गेल्यावर आधी शेजार बघ. घर काय, कसलंही चालतं." माझा नवरा मंदार दोन महिने आधीच इंग्लंडमध्ये स्लाऊच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत रुजू झाला होता आणि त्यानं घर बघूनही ठेवलं होतं. आईचा सल्ला मला जरा उशिरा मिळाला, एवढंच.

सांगलीत राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना आणि माझ्यासारख्याच इकडे येऊन पडलेल्यांना मी बर्फ, बिलं आणि मुलांच्या शाळा यांबद्दल पुष्कळदा लिहिलंय. आमच्या घरमालकीणबाईंबद्दल मात्र लिहायचं राहूनच गेलं. त्या गेल्याला आता वर्ष होत आलं.

आमचं घर लंडनच्या ईलिंग भागात होतं. वरचा मजला आमचा, खालचा मिस हेलेनांचा. वय पंचाहत्तरच्या पुढे, पाठ ताठ, लग्न केलेलं नाही. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला खाली चहाला बोलावलं. बैठकीच्या खोलीत एका भिंतीवर ओळीनं फ्रेम लावलेल्या. एकीत घुमट असलेली लहानशी दगडी इमारत, एकीत नुसतंच गवत वाढलेली जागा, एकीत फिकट रंगाचा देखणा दगड आणि मागे इथल्या चर्चांच्या आवारात असतं तसं काळपट हिरवं यूचं झाड. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "किती छान! तुमची घरं का?"

"तसंच म्हणायचं," त्या म्हणाल्या. "माझी माणसं तिथं आहेत. ही आमच्या घराण्याची थडगी."

माझा चहाचा कप हातातच राहिला. आपल्याकडे गेलेल्या माणसाचा फोटो लावतात, हार घालतात, पण जिथं नेऊन पोचवलं त्या जागेचा फोटो दिवाणखान्यात? आई इथं असती तर तिनं चहाला हातही लावला नसता, असं मला वाटलं. आईला मी किती कमी ओळखत होते, ते पुढे कळलंच.

हळूहळू सगळी हकीकत कळली. जर्मनीत एका लहानशा संस्थानावर त्यांच्या घराण्याचं राज्य होतं. पहिल्या महायुद्धानंतर तिथली सगळीच संस्थानं खालसा झाली. हे मला समजावून सांगावं लागलं नाही. सांगली, मिरज, जत, जमखिंडी अशी हाकेच्या अंतरावरची संस्थानं ऐकतच मी वाढले होते. राज्य गेलं तरी वाड्यामागच्या चॅपेलखालचं तळघर राहिलं आणि घराण्यातलं प्रत्येक माणूस पिढ्यान्पिढ्या तिथंच ठेवलं जायचं. दुसऱ्या युद्धाच्या आधी तिथली हवा बिघडलेली पाहून वडिलांनी बायकोला आणि धाकट्या हेलेनाला इंग्लंडला पाठवलं. ते स्वतः आणि मोठा मुलगा मागे राहिले. मुलगा रशियाच्या आघाडीवर लढताना पडला, कुठे ते कधी समजलं नाही. वडील गेले आणि तळघरात ठेवले गेले. मग तो भाग पूर्व जर्मनीत गेला, नव्या सरकारनं तळघर रिकामं केलं आणि सगळ्या शवपेट्या गावच्या स्मशानात एका चरात नावाशिवाय पुरल्या. गवताचा फोटो तो.

आणि फिकट दगड आईचा. बकिंगहॅमशरमधल्या एका खेड्यात तिनं उरलेलं आयुष्य शाळेत जर्मन शिकवून काढलं. एका संस्थानाची राणी मुलांना विभक्तिप्रत्यय घोकायला लावत होती. मिस हेलेना हे सांगताना हसायच्या, पण आईचा उल्लेख आला की आवाज मऊ व्हायचा.

मी ड्रायव्हिंग टेस्ट पास झाले आणि त्यांना महिन्यातून एकदा त्या खेड्यात न्यायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. बसनं जायला त्यांना आता झेपत नव्हतं. मंदार नकाशा उघडून बसायचा. "अगं, संडेला एम-फॉर्टीवर रोडवर्क्स आहेत, ए-रोडनं जा. आणि राउंडअबाउटवर घाबरून ब्रेक मारू नकोस, मागचा हॉर्न देईल." मी त्यांना चर्चच्या फाटकाशी सोडायची आणि गाडीतच बसून राहायची. आमच्या घरातल्या बायका स्मशानात जात नाहीत. लहानपणापासून ते इतकं अंगात मुरलेलं की थंडीनं काकडले तरी पाय खाली ठेववत नव्हता. घरी परत आले की थेट आंघोळ, केसांवरून. घर जुनं. बॉयलर सुरू झाला की खालच्या मजल्यावर आवाज जायचा.

दोन-तीनदा झाल्यावर त्यांनी विचारलं, "सकाळी तर आंघोळ करून आली होतीस ना?" मला खोटं बोलता आलं नाही. तिकडून आल्यावर आमच्यात न्हायची पद्धत आहे म्हणून सांगून टाकलं. त्या अगदी हळू म्हणाल्या, "माझी आई फार टापटिपीची होती गं." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. रागावल्या असत्या तर परवडलं असतं.

त्यानंतर इराचा जन्म झाला आणि आई बाळंतपणाला सहा महिन्यांच्या व्हिसावर आली. नव्या नातीला तेल चोळणं, मला डिंकाचे लाडू खाऊ घालणं आणि मिस हेलेनांना मराठीत सगळं सांगणं, असा तिचा दिनक्रम. "अहो बाई, इतकी काळी कॉफी पिऊ नका, पित्त होतं," असं ती त्यांना बजावायची. त्या "येस, येस, मिसेस आई" म्हणून घोट घ्यायच्या. दोघींचं छान जमलं.

इरा तीन महिन्यांची झाल्यावर मी मिस हेलेनांना घेऊन पुन्हा त्या खेड्यात गेले. मंदार इराला सांभाळत होता आणि हवा बरी होती, म्हणून आईही निघाली, पोटात गोळी घेऊन. मला धास्ती होती. फाटकाशी गाडी थांबली तसं मी आईला म्हटलं, "तू बस, त्या येतील पंधरा मिनिटांत."

"का? मी का बसू?"

"अगं, ते थडगं आहे."

"थडगं कसलं? जमिनीत ठेवलंय ना? मग समाधी झाली." आई दार उघडून खालीही उतरली. "आपले शेजारचे लिंगायत काका मळ्यातच आहेत की. काकू दर अमावास्येला जातात. मीसुद्धा गेलेय त्यांच्याबरोबर. तुला कुणी सांगितलं नव्हतं एवढंच."

इतकी वर्षं मी नियम पाळत बसले होते आणि माझी आई मळ्यात फिरून आली होती. मीही उतरले. बाहेर सुरेख ऊन पडलं होतं आणि मला उगीचच मोकळं वाटलं.

आईनं पदर खोचला आणि दगडाभोवतीचं गवत उपटायला बसली. मिस हेलेना अवघडून उभ्या होत्या, मग त्याही गुडघ्यांवर बसल्या. काम झाल्यावर आईनं पर्समधून नृसिंहवाडीच्या प्रसादाची पुडी काढली आणि मी काही म्हणायच्या आत त्या फिकट दगडाला नावाच्या वर हळद-कुंकू लावलं, पुढे खडीसाखर ठेवली, हात जोडले.

"आई, अगं, त्या विधवा होत्या," मी कसंबसं म्हटलं.

"गेल्यावर कसली विधवा? नवरा तिथं भेटला असेल की."

मी हे इंग्रजीत सांगितलं तेव्हा मिस हेलेनांनी तोंड फिरवलं. रुमाल शोधत होत्या.

त्या रात्री पाऊस झाला. हळद ओघळून पार अक्षरांत गेली असणार, कारण दोन दिवसांनी चर्चची व्यवस्था बघणाऱ्या बाईंचा मिस हेलेनांना फोन आला. कुणीतरी दगडावर लाल-पिवळा रंग फासलाय, पोलिसांना कळवायचं का? मी खाली भाड्याचा चेक द्यायला गेले होते, म्हणून कानावर पडलं. इथं हळद कपड्यावरून निघत नाही, दगडावरून काय निघणार! मिस हेलेनांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ताठ बसून म्हणाल्या, "नो, नो. कुणी काही फासलेलं नाही. माय मदर हॅड अ व्हिजिटर."

पुढे आई सांगलीला परत गेली, इरा चालायला लागली आणि जर्मनीहून मिस हेलेनांचा भाचा आला. रशियात पडलेल्या भावाचा मुलगा, ऑटो, साठीचा, अतिशय सभ्य. जर्मनी एक झाल्यापासून त्यानं सगळं आयुष्य एकाच कामाला वाहिलं होतं. चर शोधला, शवपेट्या ओळखल्या, तळघर दुरुस्त करून सगळ्यांना आपापल्या जागी परत आणलं. दोन जागा राखल्या होत्या. एक मिस हेलेनांची आणि दुसरी, चर्चच्या परवानगीनं इथून उकरून न्यायची त्यांच्या आईची. घराणं एका छपराखाली येणार होतं. कागद तयार होते, फक्त आत्याचा होकार हवा होता.

तो आठवडा मिस हेलेना नीट जेवल्या नाहीत. वडिलांना त्यांनी दहाव्या वर्षी शेवटचं पाहिलं होतं. रेल्वेच्या फलाटावर, हात हलवताना. आता त्यांच्या शेजारी कायमचं राहायला मिळत होतं, आईलाही सोबत नेऊन. "यू टेल मी," त्या मला म्हणाल्या. मी काय सांगणार? सांगलीहून निघाल्यापासून माझं मन अर्धं इकडे, अर्धं तिकडे. ज्याला स्वतःचंच ठरवता येत नाही, तो दुसऱ्याला काय दिशा दाखवणार.

ऑटोबरोबर त्या जाऊन बघून आल्या. विमानतळावर आणायला मीच गेले होते. गाडीत बसल्यावर त्यांनी आधी पट्टा लावला. मग म्हणाल्या, "फार सुंदर केलंय. दिवे आहेत, गरम हवा आहे. दहा वाजता तिकिटं सुरू होतात. वडिलांचं नाव सोन्याच्या अक्षरांत आहे. त्यांच्या आणि माझ्यामध्ये एक लाल दोरी होती. ऑटोनं ती सोडली माझ्यासाठी. पण मागे लोक थांबले होते, म्हणून मी लवकर बाजूला झाले."

घर आलं तरी त्या उतरल्या नाहीत. "पपांजवळ सगळं घराणं आहे," त्या म्हणाल्या. "ममाजवळ मीच आहे. आणि तिला आता उठवायचं नाही. एकदा उठवून आणलं होतं, पुरे झालं."

ऑटोला त्यांनी फोनवर नकार दिला तेव्हा तो रडला, असं त्यांनी मला सांगितलं. सांगताना त्याही रडल्या. सगळ्यांजवळ एकाच वेळी राहायची सोय कुठंच नसते, हे त्या दिवशी मला फार लागलं.

रविवारच्या फोनवर आईला हे सगळं सांगितलं. कॉलिंग कार्डाची मिनिटं पळत होती. आई म्हणाली, "बरं केलं बाईंनी. आईला एकटं टाकू नये." मग तिनं विचारलं, "पण मग त्यांना भेटायला कोण जाणार?"

मी म्हटलं, "हॅलो? हॅलो?" ऐकू नीट येत होतं. मला उत्तर द्यायला वेळ हवा होता.

मंदारला मिल्टन कीन्सला नोकरी मिळाली आणि आम्ही तिकडे घर घेतलं. शाळा, ऑफिस, गृहकर्ज, सगळी कारणं खरी होती. पण नकाशात बघताना ते खेडं तिथून पंधरा मिनिटांवर आहे, हे मी आधी बघितलं होतं. मंदारला बोलले नाही. त्याला कळलं असावं, कारण तो म्हणाला, "तिथं रोडवर्क्स कमी असतात."

मिस हेलेना हिवाळ्यात गेल्या, झोपेत. त्यांना आईच्याच जागेत ठेवलं. ऑटो तिकडची मूठभर माती घेऊन आला होता. त्यानं अर्धी टाकली आणि उरलेली माझ्या तळव्यावर दिली. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला माती दिली. भीती वाटली नाही. त्या बाईंनी मला मुलगी म्हटलं नाही कधी, आणि मला त्यांची आठवण आईच्या आठवणीसारखीच येते, हे लिहून टाकते.

परवाच्या रविवारी इराला घेऊन गेले. ती सहा वर्षांची झालीय. डॅफोडिल्स ठेवले, तिनं दोन्ही नावं मोठ्यानं वाचली आणि मग चौकशी सुरू केली.

"सांगलीची आजी पण इथे येणार?"

"नाही गं. आपल्यात असं ठेवत नाहीत. राख नदीत सोडतात."

"मग भेटायला कुठे जायचा?"

"नदीवर."

"कुठला नदी?"

"कृष्णा. आजीच्या घराजवळची. आपण गेलो होतो ना घाटावर?"

"आणि तू?"

"मीसुद्धा तिथंच," मी म्हणून गेले. विचार करायची गरजच पडली नाही. इतकी वर्षं घर म्हटलं की मला तो घाट आणि संध्याकाळचं पाणीच दिसत आलंय आणि शेवटी तिथंच जायचं, हे मी कधीच ठरवून टाकलं होतं. कुणाला विचारायचं असतं, हे डोक्यातही आलं नव्हतं.

इरानं जरा विचार केला. मग माझा हात धरून म्हणाली, "आई, ते खूप फार आहे. प्लेनमध्ये मला एकटीला नाही सोडत. तू लांब नको ना जाऊ."

भेटायला कोण जाणार, हा आईनं फोनवर विचारलेला प्रश्न मिस हेलेनांपुरताच होता असं मी इतके दिवस समजत होते.

"बरं," मी इराला म्हटलं. "नाही जात लांब."