वऱ्हाडी झाक

महाराष्ट्र नवा होता आणि मी पत्रकं वाचत वाढलेला. आमच्या वस्तीतल्या बायांना गावविहिरीवर पाणी भरू देत नव्हते, म्हणून मीही एक पत्रक लिहिलं. त्याचा जीव एकाच वाक्यात होता. गावच्या बैठकीत माझी आत्या सरपंचांना म्हणाली होती, "विहीर खोदाले आमचे हात चालले, मंग पाणी भराले काऊन चालत नाही?" ते मी जसंच्या तसं घातलं.

शुद्धलेखनासाठी मजकूर शाळेतल्या मास्तरांना दाखवला. ते पुण्याकडचे. त्यांनी आत्याच्या वाक्याशेजारी समासात लिहिलं, 'वऱ्हाडी झाक'. तोच कागद मी मेहकरच्या छापखान्यात दिला. पुढे मास्तरांना घेऊन प्रूफ पाहायला गेलो, तर आत्याचं वाक्यच गायब!

"काऊन काढलं बे?" छपाईचे खिळे जुळवणाऱ्यावर मी ओरडलो.

"मी कायले काढू? मास्तरायनं लिहिलं, वऱ्हाडी झाक. झाकली!"

मास्तर खो खो हसले. "अरे, झाक म्हणजे छटा. निळसर झाक म्हणतो ना, तशी." मग म्हणाले, "पण राहू दे. असंच नीटस दिसतंय."

मला हसू आलं नाही. "मास्तर, हिंदीत झाँकना म्हणजे डोकावणं. विहिरीत झाकू नको, असं आमच्याकडेही पोरांना म्हणतात. झाक तिथूनच आली, असं मी मानतो. वरून फासतात तो रंग. आतून डोकावते ती झाक. आत्याच्या बोलण्यात वऱ्हाडीची झाक नाही, ते अख्खंच वऱ्हाडी आहे. झाक आहे ती माझ्या लिहिण्यात, तुमच्या पुण्याची!"

"भांडण मंग करा," खिळेवाला म्हणाला. "पानात जागा नाही. दोन ओळी काढा, तं बाई बसते."

मी माझी सुरुवात काढली. 'हे निद्रिस्त समाजा, जागा हो!' मास्तरांना ती फार आवडली होती. मलाही.

जवळच्या बीबी गावच्या बाजारात पत्रकं वाटली. आमच्याच गावच्या एका बागाईतदारानं चारचौघांत मोठ्यानं वाचायला घेतलं आणि त्या वाक्यावर तो थबकला.

"हे तं आपल्या गावची बाई बोलून राह्यली!"

"मंग खोटं हाय काय?" शेजारचा म्हणाला. "विहीर तं यायनंच खोदली."

बागाईतदारानं पत्रक फेकलं नाही. ते वाक्य त्यानं पुन्हा वाचलं, या वेळी मनातल्या मनात.