गोलच्या मागे उभी मावशी

आमच्या मावशीबद्दल मैदानावर एक अफवा आहे. तिनं म्हणे एकदा पंचाला हॉकी स्टिकनं बदडलं होतं. फटके किती, ते सांगणाऱ्याच्या तब्येतीवर. न्हाव्याच्या दुकानात तर पंचाला दवाखान्यात भरती करून झालं होतं, आणि ते ऐकता ऐकता खुर्चीतल्या गिऱ्हाइकाची दाढी अर्धीच राहिली होती.

खरं एवढंच, की पंच उलट्या पावली पळत आले, गोलमागे ठेवलेल्या मावशीच्या स्टुलाला अडकून पडले आणि त्यांची पँट गुडघ्यापासून वर उसवली. मावशीचा धंदा शिवणाचा. सोफे, खुर्च्या, गाड्यांच्या सीटा, ज्याला म्हणून रेक्झिन लागतं ते सगळं ती शिवते, आणि तिच्या बाहीला टाचण्या कायम खोचलेल्या. मध्यंतरात तिनं पंचांना उभं केलं, टाचण्या दातांत धरल्या आणि पँट अंगावरच टाचायला घेतली. तेवढा वेळ चकार शब्द नाही. शेवटची टाचणी दातांतून निघाली आणि धरण फुटलं. "हलू नका, टोचेल. आणि मघाचा तो पेनल्टी कॉर्नर नव्हता. चेंडू पोरीच्या पायाला लागलाच नव्हता. अहो, हलू नका म्हटलं ना!" पंच जे "आई गं" म्हणून ओरडले ते टाचणीमुळे. स्टिकचा संबंध नाही.

ते "आई गं" मी फार छान काढते. घरी मला पोपट म्हणतात. शाळेतल्या बाई, दूधवाला, वरच्या मजल्यावरचे खोकणारे आजोबा, सगळे माझ्या घशात भाड्यानं राहतात. मावशी मात्र मालकीण आहे.

मावशीनं जन्मात स्टिक धरलेली नाही. मैदान तिच्या दुकानाच्या मागच्या दाराला लागून. कधीकाळी एक गोलकीपर फाटलेलं पॅड घेऊन आली, मावशीनं ते शिवून दिलं, आणि टाका टिकतोय का बघायला म्हणून ती गोलच्या मागे जाऊन उभी राहिली. ती अजून तिथेच आहे.

स्टूल नेते ते बसायला नाही, एक पाय ठेवायला. दुसरा पाय कुठे असेल त्याचा भरवसा नाही. चेंडू कुठे आहे ते ती बघत नाही, बघते फक्त कीपरला. कीपर डावीकडे सरकली की मावशी डावीकडे, कीपर वाकली की मावशी वाकली, आणि कीपरनं पाय मारला की शेजारच्याची नडगी गेली. सामन्याच्या आदल्या दिवशी मशीनवर बसली की पाय असा सुटतो की काका म्हणतात, "आज सोफा शिवू नकोस बाई. त्यावर बसणारा माणूस उठून पळत सुटेल."

आणि मतं! टाके पडायचे थांबतील, मतं थांबणार नाहीत.

"ती तुमची सेंटर फॉरवर्ड. चेंडू मिळाला की सोडतच नाही. माहेरी न्यायचाय का गं? दे की कुणाला तरी!"

"कीपर म्हणजे घरातली थोरली सून. शंभरदा सांभाळलं तर कुणी विचारत नाही, एकदा दूध उतू गेलं की गावभर."

"नवीन पॅड? नवी चप्पल आणि नवं पॅड, दोन्ही आधी घरात वापरावी. चकाकतंय ते चेंडूला दिसत नाही. चेंडू परत उसळला पाहिजे, पायाशी मेल्यासारखा पडला तर समोरची टपलेलीच असते. आणि बक्कल बाहेरच्या अंगाला! आतल्या अंगाला बक्कल म्हणजे दोन पाय एकमेकांत अडकून साष्टांग नमस्कार."

सगळ्यात लाडकं मत संघाबद्दल. "मला गुण नका सांगू. सामना संपल्यावर कीपरची बॅग कोण उचलतं ते सांगा. ती एकटीच ओढत नेत असेल तर तो संघ नाही, बसच्या रांगेतली माणसं आहेत ती."

हे सगळं ती दुकानात बोलली असती तर कुणाचं बिघडलं नसतं. पण ती बोलते जाळीला नाक लावून, खेळ चालू असताना. उपांत्य सामन्यात तिनं "बाहेर ये, बाहेर ये!" अशी हाळी दिली, आणि आमची कीपर, म्हणजे बेकरीवाल्याची धाकटी, खरंच बाहेर आली. समोरचीनं तिला वळसा घातला आणि चेंडू रिकाम्या गोलात सारला. सामना कसाबसा जिंकलो, पण संघाला शिकवणारे सर तडक दुकानात आले.

"मावशी, फायनलला तुमच्या तोंडून एक शब्द आला, तर पुढचा सगळा मोसम मैदानाचं फाटक तुम्हाला बंद."

"अहो सर, मी पोरीच्या भल्यासाठीच..."

तेवढ्यात सरांच्या मागून ती धाकटीच पुढे झाली. "मावशी, रागावू नका. पण मागून तुमचा आवाज आला की माझे पाय माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतात."

ती दोघं गेल्यावर मावशीनं मशीनचं चाक हातानं उगाच फिरवलं, कात्री उचलली, ठेवली, परत उचलली. मागच्या दारापाशी जाऊन मैदान बघून आली. परत गेली. तिची जागा म्हणजे तेवढीच, जाळीमागची हातभर जमीन, गवत झिजून चकचकीत झालेली.

मला कीव आली. पण जीभ माझी. मी तिच्याच आवाजात म्हटलं, "गप्प बसणार म्हणे! अगं, झोपेतसुद्धा कॉर्नर मागतेस तू."

"पैज लाव," मावशी म्हणाली.

"लावली! शेवटच्या शिट्टीच्या आत तू बोललीस, तर भर दुकानात गिऱ्हाइकांसमोर मी तुझी नक्कल करणार आणि तू टाळ्या वाजवायच्या."

"आणि नाही बोलले तर सगळा मोसम कीपरची पॅडं, किकर, हातमोजे तू धुवायचे."

कीपरच्या हातमोज्यांचा वास ज्यानं घेतलाय त्यालाच या अटीचं वजन कळेल. तरी मी टाळी दिली. पंचांच्या पँटची गोष्ट मला शब्द न् शब्द पाठ होती, तीसुद्धा हावभावांसकट. अक्कल तेवढी पाठ नव्हती.

फायनलच्या दिवशी मावशी जाळीपाशी आली, स्टूल ठेवलं, बाहीच्या टाचण्या एकेक काढून ओठांत धरल्या आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

"ही चीटिंग आहे!" मी म्हटलं.

भुवया पुन्हा उडाल्या.

मग जे काही झालं ते बघण्यासारखं होतं. बोलणं तोंडातून बाहेर पडेना, तेव्हा ते अंगभर फिरायला लागलं. खांदे बोलत होते, गुडघे बोलत होते, नाकातून "म्ह्म्" असे हुंकार. स्टूल दोनदा पडलं. सेंटर फॉरवर्डनं चेंडू धरून ठेवला तेव्हा मावशीनं जाळी इतकी आवळली की बोटांवर चौकोन उठले. पण शब्द? नाही.

शेवटी आम्ही एका गोलनं पुढे होतो आणि समोरच्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला. म्हणजे चेंडू गोलरेषेवरून डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलाच्या, टोकाला जाणार आणि तिथून गोलवर सणसणीत फटका येणार. धाकटी गोलात उभी राहिली, पाय आपटले. आणि मला दिसलं. उजव्या पायाच्या किकरचा पट्टा सुटून जमिनीवर लोळत होता. किकर म्हणजे बुटावर चढवायचा जाड फोम, तो त्या पट्ट्यावरच टिकतो. पाय फेकला की तो निघून जाणार, आणि फटका उघड्या बुटावर.

मावशीलाही दिसलं. तिच्या अंगातली सगळी वळवळ एकदम थांबली. तिनं सरांकडे पाहिलं, ते दुसऱ्या टोकाला. फाटकाकडे पाहिलं. मग हात तोंडाकडे नेला आणि टाचण्या काढायला लागली. एक काढून बाहीला खोचली. दुसरी काढली.

"पट्टा बघ गं, पट्टा! उजवा!"

आवाज मावशीचा. अगदी तोच, खालून वर चढणारा. धाकटीनं चटकन खाली पाहिलं, हात वर केला. पंचांनी वेळ थांबवली. आणि सर तरातरा जाळीपाशी.

"मावशी! काय ठरलं होतं आपलं?"

मावशी सावकाश वळली. ओठांत एकच टाचणी उरली होती, मधोमध, घट्ट. तिनं टाचणीकडे बोट केलं आणि मग माझ्याकडे.

"मी ओरडले, सर," मी म्हटलं. घसा अजून मावशीचाच होता, त्यामुळे सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आवाज तिचा, तोंड माझं, फाटक बंद करणार कुणाला? "तुम्ही दोघी म्हणजे..." एवढंच म्हणून ते परत गेले.

पट्टा आवळून झाला. फटका आला तो नेमका त्याच किकरवर आदळून बाजूला उसळला. शिट्टी झाली, बाकीच्या पोरी धाकटीच्या अंगावर पडल्या, आणि मावशी टाचा उंचावून फक्त एक गोष्ट बघत होती. बॅग. सेंटर फॉरवर्डनं ती उचलली, खांद्यावर घेतली. मग कुठे मावशीनं शेवटची टाचणी काढली आणि पहिला शब्द उच्चारला.

"हरलीस."

आता मी दुकानाच्या मागच्या नळावर बसलेय, बादलीत हातमोजे, नाकाला रुमाल. मावशी डोक्यावर उभी. "आतून घास. बोटांच्या मधे. पट्टा पिळू नकोस, टाका जाईल. साबण काय वासाला लावतेस?" एका दमात. मधेच मी विचारलं, "मावशी, खरं सांग. मी ओरडले नसते तर ती शेवटची टाचणी निघाली असती ना? पैज मी जिंकले असते ना?"

मावशीनं बाहीची टाचणी काढली आणि दातांत धरली.