दर्ग्याच्या जाळीतले दोन तारे

...तर तो बारीक कटर काडकन तुटला आणि त्याचा तुकडा इश्तियाकच्या कानाशेजारून सणाणत गेला, इथवर आलो होतो आपण. इश्तियाक लाकूड कोरायचं मशीन चालवणारा, एरवी भारी थट्टेखोर. पण तेव्हा त्याचंही तोंड पांढरं पडलं.

"तस्नीम आपा, तुमच्या नक्षीनं आज माझा कान मागितला होता!"

नक्षी काढणारी तस्नीम संगणकासमोर होती तिथंच गारठली. बरं, हा प्रयोग शिसमाच्याच टाकाऊ तुकड्यावर चालला होता. खरी फळी भिंतीशी उभी होती. दर्ग्याच्या अंगणातला शिसम वादळात पडला, त्याची ही एकच अखंड फळी निघालेली. तिची जाळी कोरून पीरसाहेबांच्या मजारीपाशी, जुन्या जाळीच्या जागी बसवायची. सहारनपुरात शिसम हवा तेवढा मिळेल हो, पण पीरसाहेबांच्या अंगणातला कुठून आणणार?

पेच असा होता. जुनी जाळी हातानं, पटाशी-कानशीनं कोरलेली. एका ओळीत तेरा तारे आणि मध्ये शंकरपाळ्यासारखी बारीक छिद्रं. तस्नीमनं ती रेघ न् रेघ संगणकात उतरवली. पण मशीनचा कटर दोन सूत जाड. दीड सुताच्या छिद्रात तो शिरतच नाही, तेवढी जागा सोडून पुढं जातो. बारीक लावावा, तर जाड शिसमात त्याची ही गत. छिद्रं रुंद करावीत, तर मधल्या काड्या नाजूक होतात. आणि गुरुवारी बाया त्याच काड्यांना मन्नतीचे धागे बांधतात, असा हिसका देऊन गाठ आवळतात की पीरसाहेबांनी पळूनच जाऊ नये! काडी मोडली तर मन्नत मोडली म्हणतील, आणि नाव तस्नीमचं निघेल.

सगळी नक्षी ताणून मोठी करावी, तर तारे अकराच बसत होते. मजारीची देखभाल करणारे मुजाविर बडे मियां तर बजावून गेलेले, "बेटी, एक तारा इकडचा तिकडं नको. बुजुर्गांची मोजणी आहे."

तिनं अकरा काढले. गुपचूप. काड्या जाड ठेवल्या.

"अकरा?" इश्तियाक पडद्याकडे बघत राहिला. "आपा, बडे मियां तुमची चामडी सोलतील."

"हळू बोल रे. लाव फळी."

मशीन सुरू झालं. तस्नीमचा हात बंद करायच्या लाल बटणावर. कटर लाकडातल्या गाठीपाशी आला, आवाज चिरका झाला. बटण दाबावं तर मधेच वण राहील, न दाबावं तर फळी जाईल! ओढणीचं टोक दातात धरून ती तशीच उभी राहिली. कटर गाठ ओलांडून गेला. मग हातानं कोरीवकाम करणाऱ्या तिच्या दिरानं ताऱ्यांचे कटरनं गोल ठेवलेले कोपरे पटाशीनं टोकदार केले.

बडे मियां आले ते थेट जाळीपाशी. बोट ठेवून तारे मोजू लागले. शेवटाला पोचले, पुन्हा पहिल्यापासून मोजले. इश्तियाक चहाच्या निमित्तानं पसार.

"दोन कमी आहेत. कुणाला विचारून, बेटी?"

तस्नीमनं मन्नतीचा एक धागा त्यांच्यापुढं धरला. म्हणाली, "कुणालाच नाही विचारलं, बडे मियां. धीरच झाला नाही. तेरा ठेवले तर काड्या नाजूक होत होत्या. आता तुम्हीच एक धागा बांधा आणि बाया ओढतात तसा ओढून बघा. मी डोळे मिटून उभी राहते."