तामू खालाची खेळाची कणीक

तामू आणि शामा या दोघी बहिणींनी लग्नं केली नाहीत, कारण एकमेकींशी भांडण्यातून त्यांना सवडच मिळाली नाही. तेतुआनच्या जुन्या शहरातल्या आमच्या गल्लीत हे सगळे म्हणत, आणि दोघींच्या तोंडावर म्हणत. खरं तर भांडायची एकटी शामा. तामू ऐकायची.

"हा पाव केलास की जोड्याचा तळ?" शामा विचारी. "चांभाराकडे ने. तो तरी कदर करील."

तामू हसायची, आणि दुसऱ्या दिवशी तिचा पाव असा फुगायचा की भट्टीवाला बा मफद्दल तो फळीवर ठेवण्याआधी क्षणभर छातीशी धरायचा.

गल्लीतल्या आया पहाटे कपड्यांच्या कारखान्याची गाडी पकडतात. त्यांची पोरं दिवसभर या बहिणींकडे. पोरांना एका जागी बसवायचं औषध म्हणजे खेळाची कणीक. तामू परातीत मैदा घ्यायची, मैद्याच्या निम्मं मीठ, वर तेल, लिंबू आणि कढत पाणी. मग कानाच्या पाळीइतकी मऊ होईपर्यंत मळायची. मीठ एवढं का? तर पोरगं एकदा चाटतं, तोंड वाकडं करतं आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही. रंगाचं खातं शामाकडे: हळदीचा पिवळा, गोड मिरचीचा लाल, पुदिन्याचा हिरवा. त्या कणकेचे उंट, गाढवं आणि बा मफद्दलचं नाक असा सगळा संसार ओसरीत वाळत पडलेला असायचा.

हिवाळ्यात शामा गेली. भाजी निवडता निवडता, बोलता बोलता. आयुष्यात तिने अर्धवट टाकलेलं तेवढं एकच वाक्य.

तामू रडली नाही. आमच्या बायका परक्याच्या मयतातही दगडाला पाझर फोडतात. त्यांनी तिच्या गळ्यात पडून, शामाच्या आठवणी काढून, शेवटी स्वतःच रडून रडून थकून पाहिलं. तामूने त्यांना चहा करून दिला. चहात पुदिना नव्हता, साखर नव्हती, एका पेल्यात तर चहाही नव्हता. कुणी काही विचारलं की ती "हं" म्हणायची. पोरं अजून येत होती, पण कणीक आता पांढरीच असायची.

आयांची कुजबुज सुरू झाली. "पोरांकडे बघायला माणूस लागतं, भिंत नाही." त्यातच कासाब्लांकाहून तिचा भाचा रिदवान आला. चांगला मुलगा, बँकेत आहे, बोलतोही बँकेसारखाच. "चाळिसावा दिवस झाला की खालाला घेऊन जातो. चौथा मजला, लिफ्ट आहे, टीव्ही आहे."

त्या लिफ्टबद्दल तामूचं काय मत होतं ते फक्त गिझलानला ठाऊक. ही त्या पोरांतल्या वियामची आई, गल्लीतली सगळ्यात तिखट कामगारीण, आणि बाकीच्या आया तिच्याकडे बघून पाऊल टाकणाऱ्या. तामू तिला म्हणाली होती, "पोरं आली नाहीत तर जाईन त्याच्याबरोबर. काय फरक पडतो? पोरं असली की सकाळी उठावं लागतं, एवढंच." आणि थोड्या वेळाने, "मला उठायचंय, गिझलान."

चाळिसावा शुक्रवारी आला. मेलेल्याच्या नावाने पाव आणि सुके अंजीर वाटायचे. तो पाव नाकारायचा नाही, टाकायचा नाही, थुंकायचा तर मुळीच नाही. सकाळी तामूने दोन पराती मळल्या, एक वाटायच्या पावांची, एक पोरांची. दोन्ही पांढऱ्या, दोन्हींवर सारखंच फडकं. मग एका परातीचे गोल थापून तिने भट्टीवर पाठवले आणि दुसरी पोरांपुढे सरकवली.

दफनभूमीवरून परतल्यावर गल्लीत वाटप झालं. मी पहिला घास घेतला आणि डोळ्यांपुढे अख्खा भूमध्य समुद्र उभा राहिला. वरून वीट, आतून समुद्र. शेजारी इमाम बसले होते. ते डोळे मिटून चावत होते. मला वाटलं, दुआ मागताहेत. बहुतेक मागतही असावेत. कुणी अंजिरात पाव दडवला, कुणी न चावता गिळला. सगळे एका सुरात, आदराने म्हणाले, "तुझ्या हातांना आरोग्य मिळो, लाल्ला तामू!" आणि हळूहळू सगळे पाण्याच्या माठाकडे सरकले. रिदवानने तर माठच जवळ ओढला.

तामूही खात होती. शांतपणे. तिने आपला तुकडा संपवला आणि बोटाने चुरा टिपून घेतला.

तेवढ्यात वियाम हात पुढे करून धावत आली. "आई, माझा उंट गरोदर राहिला!"

खरंच, तिच्या तळहातावरचा उंट टम्म फुगला होता. पोट जमिनीला टेकलेलं, मान पाठीत रुतलेली. मागून बाकीची पोरं आपापली सुजलेली गाढवं घेऊन आली. एकाने गाढवाचं शेपूट खाल्लं होतं आणि तो आणखी मागत होता.

गिझलानने उंटाचा वास घेतला. खमीर! सगळ्यांना एकदमच कळलं, पोरांपुढे काय गेलं आणि आपल्या पोटात काय गेलं.

तामू बा मफद्दलकडे वळली. "तुला भट्टीत कळलं नाही?"

"पाव फुगला नाही हे दिसलं की." म्हातारा दाढी कुरवाळू लागला. "मला वाटलं, दुःखाच्या घरचं पीठ आहे, नसेल फुगत. बोलू कसा?"

"आणि तुम्ही सगळ्यांनी खाल्लं?"

"खाल्लं," इमाम म्हणाले आणि पुन्हा पाणी प्यायले.

"मला चव कळली नाही," तामू म्हणाली. मग तिने हातांकडे पाहिलं. "शामा असती तर पहिल्या घासाला थुंकली असती."

रिदवान हळूच उठला. "बघितलंत ना? खाला, सामान बांधू या."

आता सगळे गिझलानकडे बघू लागले. ती लाल झाली होती, मिठाने की रागाने, सांगता येत नाही.

"हा पाव आहे?" ती कडाडली. "हा टाकून मारला तर बैल मरेल! इमामसाहेबांचा दात हलतोय, बिचारे सांगत नाहीत! परातीत बोट घालून चाखायला काय झालं होतं? मेलेल्या बाईच्या नावाने जित्यांना मारतेस होय?"

बायकांनी पदरासारखे रुमाल तोंडाला लावले. चाळिसाव्याला असं कुणी बोलतं?

तामूने मान वर केली. रडली नाही, हसलीही नाही. नीट ऐकत मात्र होती, सगळं संपेपर्यंत.

"उद्या पोरीला आणशील?" तिने विचारलं.

"आणीन. पण गाडीला जायच्या आधी दोन्ही पराती मी चाखणार. आणि चुकलं की असंच बोलणार, सगळ्यांदेखत."

"बोल," तामू म्हणाली.

रिदवान संध्याकाळच्या बसने एकटाच गेला. लिफ्टबद्दल त्याने जाताना पुन्हा सांगून पाहिलं. तामू "हं" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दार उघडं होतं. गिझलान वियामला कडेवर घेऊनच आत शिरली, फडकी उचलली, एका परातीत बोट घालून चाटलं, मग दुसऱ्या.

"ही खारट. ही नाही. आणि खारटीत तेल कमी पडलंय, दिसत नाही का?"

"हं," तामू म्हणाली. तिने खारट परातीत तेल ओतलं, पुन्हा मळलं, आणि पोरांना बसायला चटई टाकली.