जपानी जनावरांची बारी

आधी चहा संपवा, मग ऐका. कारण हे ऐकताना आमच्या एका पावण्याच्या नाकातून चहा आलेला आहे. लोकांची फजिती होते तेव्हा ते बिचारे तोंड लपवतात. माझी फजिती मी स्वतः माईकवरून, अख्ख्या गावाला ओरडून ओरडून ऐकवली! आणि वर शाल-नारळ घेऊन घरी आलो. आता बोला!

मी बैलगाडा शर्यतीचा निवेदक. घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, गाड्याची बारी सुटताना माईकवर जो बोंबलतो ना, "झाली... झाली... झाली... अन् भिर्रर्रर्र!" तो मी. कळंबपासून ओझरपर्यंत कुठल्याही यात्रेत विचारा, बबनचा आवाज म्हणजे काय चीज आहे. आता आपल्या तोंडानं आपली तारीफ करू नये म्हणतात, पण दुसरं कोणी करेना तर काय करायचं?

गोष्ट सीडीच्या जमान्यातली. आमच्या वाडीची यात्रा चैत्रात. दिवसा घाटात गाडे, संध्याकाळी तमाशा, असा पिढ्यान् पिढ्या चालत आलेला कार्यक्रम. त्या वर्षी बायकांनी बंड केलं. आणि बंडाची पुढारी कोण? आमचीच बायको, सुमन! यात्रेच्या मीटिंगच्या दिवशी बायकांना घेऊन ही देवळाच्या पायरीवर ठाण मांडून बसली.

"यात्रेत आमी काय करायचं?" ती म्हणाली. "पोळ्या लाटायच्या, पावण्यांची ताटं उचलायची, अन् तमाशा सुरू झाला की दारं लावून घरात बसायचं! औंदा तमाशा नगं. शाळंच्या मैदानात पडदा लावा. पोराबाळांसंगट बघता येईल असा फॅमिली पिक्चर आणा."

यात्रा कमिटीचे अध्यक्ष तात्या. ढोलकी वाजली की जेवत्या ताटावरून उठणारा माणूस! त्यांनी मिशीवर हात फिरवला. "बायका अन् पिक्चर बघणार? अर्ध्यातनं उठून चुलीकडं पळतील. पैज लावतो."

आता मी गप्प बसावं की नाही? पण बायकोसमोर कोणी मिशी पिळली की माझं डोकं फिरतं. "न्हाई उठणार!" मी ओरडलो. "पिक्चर मी आणतो. बायका अर्ध्यातनं उठल्या, तर पुढल्या साली घाटातल्या माईकला हात लावणार न्हाई!"

"ऐकलं समद्यांनी?" तात्या खूश. "बायका उठल्या की तमाशा परत, अन् ह्याचा माईक बंद."

बाहेर आल्यावर सुमन म्हणाली, "तुमाला कुणी सांगितलं व्हतं मधी तोंड घालायला?" पण हसत होती. खरं सांगतो राव, तिचं ते हसणं बघून मला माईकचं काही वाटलं नाही. घरी जाऊन आडवा झालो, तेव्हा मात्र वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी जुन्नर गाठलं. तिथं सलीमभाईंचं दुकान. पडदा, प्रोजेक्टर, सीडी, सगळं भाड्यानं देतात. पण चैत्रात कुठल्या गावची यात्रा नसते? दुकान रिकामं!

"भाऊ, लई लेट केला," सलीमभाई म्हणाले. "रडायचे पिक्चर समदे नारायणगावला गेले. देवाचे ओतूरला. एकच राहिलाय बघा."

त्यांनी डिस्क पुढं केली. वर चित्र होतं. एक शिंगंवालं निळं जनावर, डोंगराएवढं. त्याच्या पायाशी कानाच्या जागी पानं असलेलं हिरवं पिल्लू. बाजूला एक झिपरी पोरगी.

"जपानी कार्टून हाय," सलीमभाई म्हणाले. "असली अजब जनावरं टीव्हीवर कैक वर्षं चालू हायेत. पोरं पागल झालीत! एकदम फॅमिली."

"समजंल का बायकांना?"

"हिंदीतच असणार की भाऊ. समदं डबिंग होऊनच येतं."

मी शिंगं बघितली आणि फिदा झालो. जनावरं म्हणजे आपला विषय! डिस्क पिशवीत टाकली. लावून बघितली का? छे! अहो, बैल घेताना मी दात बघतो, खूर बघतो, मालकाला चार फेऱ्या मारायला लावतो. पिक्चर मात्र नुसतं चित्र बघून घेतला!

यात्रेचा दिवस उजाडला. दिवसभर गाडे पळाले, आणि दिवेलागणीला शाळेच्या मैदानात सगळी वाडी लोटली. पुढं खुर्च्यांवर जावई मंडळी. यात्रेला जावयाचा मान मोठा, टॉवेल-टोपी करून बसवलेले. मधोमध तात्यांचे जावई. पुण्याला कंपनीत साहेब. चैत्राच्या उकाड्यात काळा कोट, वर संध्याकाळी काळा गॉगल! मागं सतरंज्यांवर बायका आणि पोरं. सुमन नवी साडी नेसून सगळ्यांत पुढं बसलेली.

सलीमभाईंनी मशीन चालू केलं. पडदा उजळला. पोरांनी जनावरं ओळखून शिट्ट्या मारल्या. मग ती झिपरी पोरगी पडद्यावर आली, तिनं तोंड उघडलं, आणि ती जे काही बोलली ते देवाला ठाऊक!

"ही कंची भाषा?" एक म्हातारी म्हणाली.

"कानडी असंल," दुसरी म्हणाली.

सलीमभाईंनी सगळी बटणं दाबून बघितली. घामाघूम झाले आणि माझ्या कानाशी लागले. "भाऊ, घोटाळा झाला. ह्यात हिंदी न्हाईच. समदं जपानीत हाय."

"दुसरी डिस्क?"

"जुन्नरला."

बायकांत चुळबुळ सुरू झाली. एका मावशीनं चपला हातात घेतल्या. तात्या खुर्चीत मागं वळले आणि एवढ्या गोड आवाजात म्हणाले, "काय बबनराव, पुढल्या सालच्या तमाशाची सुपारी आत्ताच देऊन टाकू का?"

मी सुमनकडं बघितलं. ती रागावली असती तर परवडलं असतं. पण तिचं तोंड एवढंसं झालं होतं. सगळ्या बायकांना हिनं शब्द दिलेला, आणि मी तिचा पार पचका केला! मशीनच्या टेबलावर माईक होता. मी तो उचलला. पडद्यावर तेवढ्यात निळं जनावर आणि हिरवं पिल्लू समोरासमोर उभी राहिली होती. मी काय करणार? मला येतं ते एकच येतं!

"झाली... झाली... झाली... अन् सुटली हो जपानची बारी! भिर्रर्रर्रर्र!"

मावशीनं चपला खाली ठेवल्या.

मग काय, मी सुटलोच. "बघा मंडळी बघा! हा डोंगराएवढा निळा रेडा, दावं तोडून आलाय! समोर कोण? आपलं हिरवं वासरू! काल जन्मलंय, अजून नाळ वाळली न्हाई! पळ वासरा, पळ! उचल की टाक, उचल की टाक!" पोरं उड्या मारायला लागली. म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून "अगं बाई, चिरडंल की त्येला!" म्हणून ओरडायला लागल्या. मी मनात म्हटलं, जिंकली बारी.

तर त्या निळ्यानं वासराला चिरडलं का? नाही! खाली वाकून जवळ घेतलं आणि ढसाढसा रडायला लागला. आता आली का पंचाईत? सगळं मैदान माझ्याकडं बघतंय. पण घाटात निवेदक कधी चुकत नाही, चुकतात ते पंच!

"थांबा मंडळी, थांबा!" मी म्हणालो. "पंचांचा निर्णय बदलला हाय! हा रेडा न्हाईच. ही म्हैस हाय! वासराची आई! यात्रंत चुकामूक झालेली माय-लेकरं आज भेटली!"

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. तुम्ही म्हणाल, म्हशीच्या पोटी हिरवं वासरू कसं? अहो, तिथं एकीनंही विचारलं नाही, तुम्ही कशाला विचारता?

मग पडद्यावर एक काळ्या कोटवाला माणूस आला. हातात मशीन, मागं मोठी गाडी. ती झिपरी पोरगी धावत त्याच्याकडं गेली. मी म्हटलं, घरातलाच दिसतोय. "हे आलं बघा पावणं! आपल्या झिपरीच्या थोरल्या बहिणीचा नवरा! या गावचा जावई! लई शिकलेला, लई गुणाचा!" पुढच्या रांगेत तात्यांचे जावई ताठ होऊन बसले. तात्यांनीही मान डोलावली.

आणि त्या गुणाच्या जावयानं काय केलं? मशीनचं बटण दाबलं, जाळं टाकलं आणि म्हैस धरली!

"आगं बया बया!" मैदानात कल्लोळ झाला. "जावयानं घात केला!"

आता मला गप्प राहता येईना आणि बोलताही येईना. पण तोंड माझं ऐकतंय कुठं? "बघा मंडळी! ज्या घरचं खाल्लं त्याच घरची म्हैस चोरली! काळा कोट घालतोय, इंग्रजी फाडतोय, अन् काळीज बघा कसं!"

म्हाताऱ्यांनी बोटं मोडायला सुरुवात केली. एक म्हणाली, "कोटवालं तसलंच असत्यात!" आणि सगळ्या मैदानानं हळूहळू माना वळवल्या त्या पुढच्या रांगेकडं. तात्यांचे जावई! बिचाऱ्यानं आधी गॉगल काढला. मग कोट काढला. मग कोट खुर्चीखाली ढकलला.

तात्या लालबुंद झाले. "बंद कर रं ते मशीन! आमच्या पावण्याचा अपमान करतो व्हय?" असं म्हणत ते सरळ वायरीकडं निघाले. संपलंच की हो सगळं!

तेवढ्यात बायकांतून आवाज आला, "खाली बसा वं!" कोण होतं माहितीये? तात्यांच्या मालकीणबाई! घरात ज्यांचा आवाज कोणी ऐकला नव्हता, त्या उभ्या राहिल्या होत्या. "म्हशीचं काय झालं ते बघितल्याबगार हितनं कुणी हालायचं न्हाई! वायरीला हात लावाल, तर उद्या चूल पेटणार न्हाई!"

तात्या बसले. वायरीशेजारी, जमिनीवरच बसले.

आता शेवट गोड करणं माझ्या हातात होतं आणि पडद्यावर काय येईल ते माझ्या हातात नव्हतं. मी विघ्नहराचा धावा केला. आणि देव पावला! वादळ सुटलं, काळा कोटवाला तळ्यात पडला. निळ्या जनावरानं जाळं तोडलं, पाण्यात मुंडी घातली आणि त्याला शिंगावर घेऊन बाहेर आणलं.

मी माईक दोन्ही हातांनी धरला. "मंडळी! त्यानं तिला धरली, तरी तिनं त्याला तारला! का? तर जावई किती बी वंगाळ निघाला, तरी लेकीचं कुंकू हाय! मुक्या जनावराला कळलं, माणसाला कधी कळायचं? ही म्हैस हाय आजच्या घाटाची राणी! झाली... झाली... भिर्रर्रर्र!"

अहो, काय सांगू! बायका रडतायत, पोरं नाचतायत, तात्यांचे जावई सासूच्या पाया पडतायत! एकही बाई उठून गेली नव्हती. तात्यांनी डोळे पुसले, यात्रेची शाल माझ्या खांद्यावर टाकली, हातात नारळ दिला आणि म्हणाले, "बबन्या, मी हारलो." सुमन गर्दीतून वाट काढत आली. चारचौघांत ती कधी माझ्याजवळ उभी राहत नाही, त्या दिवशी खेटून उभी राहिली. मी घाटाचा राजा झालो होतो, आणखी काय पाहिजे?

थांबा, फजिती पुढंच आहे.

यात्रा होऊन गेली आणि सलीमभाई ओशाळून तोच पिक्चर हिंदीत घेऊन आले. तात्यांच्या घरी टीव्हीपुढं बायका जमल्या. आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं! तो काळा कोटवाला होता जनावरांचा डॉक्टर. ते जनावर तापानं फणफणलेलं, आणि जाळं टाकलं होतं ते दवाखान्यात न्यायला! आणि म्हैस? म्हैस नव्हतीच, पिल्लाचा बाप होता तो! मी हळूच दाराकडं सरकलो.

पण पिक्चर अर्ध्यावर आला आणि बायका भराभरा उठल्या! तात्यांच्या मालकीणबाई कडाडल्या, "बंद करा ते! ह्या हिंदीवाल्यांनी समदी ष्टोरी बिघडवली. म्हशीला बाप केलाय मेल्यांनी!"

मग पुढच्या वर्षाची मीटिंग. मी शाल पांघरून पहिल्या रांगेत. सुमन म्हणाली, "संध्याकाळी पावण्यांचा सैपाक असतोय, धावपळ व्हती. आमाला पिक्चर दुपारी पायजे."

तात्यांचा चेहरा उजळला. म्हणजे संध्याकाळ मोकळी! "मंजूर! दुपारी पिक्चर, संध्याकाळी तमाशा. खिडक्यांना पोती लावा अन् शाळंत अंधार करा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तर सगळ्यांत जोरात वाजवल्या. मग एकदम ध्यानात आलं, दुपारी तर घाटात फायनलच्या बाऱ्या असतात!

"तात्या," मी उठून म्हणालो, "मग मी फायनलला माईकवर कसा येणार?"

तात्यांनी मायेनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "तू कशाला येतो? घाटात कुणी बी बोंबललं तरी चालतंय, बैल आपलं आपण पळत्यात. जपानी जनावरं मातर तुझ्याबगार हलत न्हाईत!"