गुलाबच्या डोक्याचा फोटो

जगात जेवढी म्हणून काळजी आहे, तिच्यातली निम्मी आमचे थोरले साडू एकटे करत असत, आणि म्हणूनच बाकीचं कोल्हापूर एवढं निर्धास्त जेवून झोपत होतं, असं माझं ठाम मत आहे. पेशानं ते जनावरांचे डॉक्टर. आता जनावरांच्या डॉक्टरानं जनावरांची काळजी करावी, पण हे माणसांची, भांड्यांची, कुलपांची, झालंच तर परगावच्या पाण्याच्या टाक्यांचीसुद्धा करायचे. घरी आले की आधी आमच्या स्वयंपाकघरात डोकावून, "पावणं, ग्यास बंद केलासा न्हवं?" असं विचारायचे. चूल असायची बिचारी, ग्यास आमच्याकडे अजून आलाच नव्हता. बोलता बोलता तुमचा हात हातात घेऊन नाडी बघायचे, आणि "बरी हाय की," असं इतक्या नाराजीनं म्हणायचे, की आपल्यालाच उगाच धस्स व्हायचं. घराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघणार, स्कूटर काढणार, गल्लीच्या टोकापर्यंत जाणार आणि "जरा थांबा हं" म्हणून चौथ्यांदा ओढायला परत येणार. थोरल्या मेव्हणीबाईंनी लग्न कसं निभावलं ते त्यांनाच ठाऊक. एकदा मी विचारलं, तर म्हणाल्या, "मी कुलूप लावतच न्हाई. त्यास्नीच लावू देते."

ही काळजी त्यांना जन्मापासून नव्हती. ती कुठून लागली हे त्यांनी मला आयुष्यात एकदाच सांगितलं, तेही दुसरीकडे बघत. नोकरीच्या सुरुवातीला कागलकडच्या एका घरातला उमदा घोडा त्यांच्याकडे आला होता. मान कलती, एक कान पडलेला, आणि चालायला लागला की एकाच बाजूला गोल गोल फिरायचा. साडूबुवांनी मेंदूचा रोग ठरवला आणि इंजेक्शन देऊन त्याला कायमचं शांत केलं. मग डोकं उघडून बघितलं, तर मेंदू धुतल्या तांदळासारखा स्वच्छ. पू होता तो कानामागं, हाडाच्या आत. पंधरा दिवस सुया टोचल्या असत्या तर बरा झाला असता. "न बघता बोललो, पावणं," एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून गडी जे दिसेल ते दोनदा बघायला लागला.

आणि दैव बघा, नेमकी तशीच घोडी पुन्हा त्यांच्या दारात आली. उचगावचे टांगेवाले चाचा होते, स्टेशनवर टांगा लावायचे. त्यांची गुलाब नावाची तांबडी घोडी, वागायला अशी शहाणी की चाचा टांग्यात डुलक्या काढायचे आणि ती गिऱ्हाईक देवळापाशी नेऊन सोडायची. त्या गुलाबनं एके दिवशी इचलकरंजीच्या एका कुटुंबाला टांग्यासकट स्टेशनाबाहेर चार फेऱ्या मारून आणल्या. कुटुंबाला वाटलं, इथली पद्धतच असेल. चाचांना मात्र घाम फुटला. दोन दिवसांत तिची मान डावीकडं कलली, कान पडला, आणि गल्लीतले लोक म्हणायला लागले, पिसाळली, गोळी घाला. चाचा साडूबुवांच्या ओट्यावर येऊन बसले. "डॉक्टरसाब, तुम्ही म्हनशीला तसं. मारा म्हनला तर मी सोता तिचं तोंड धरून हुबा ऱ्हातो. पर बघून सांगा."

बघून सांगा! दुसरा काही शब्द चाचांना सापडू नये? साडूबुवा तिथून तडक माझ्याकडं आले. मी त्या काळी एका खासगी दवाखान्यात एक्स-रे काढायचं काम करत होतो. आले ते पांढरेफटक. म्हणाले, "पावणं, घोडीच्या डोक्याचा फोटो काढायचा." मी म्हणालो, "साडूबुवा, मेंदू एक्स-रेत दिसत नाही. कवटी दिसते." तर म्हणाले, "कवटीच बघायची हाय. कानामागलं हाड सुजलेलं दिसलं तर रोग कानाचा. मग मी तिला वाचवतो. हाड साफ असलं तर रोग आत मेंदूत, आणि तिथं बघायचं मशीन अजून कोल्हापुरात न्हाय." आणि मग माझा हात घट्ट धरून, "मला ह्या खेपेला बघू द्या," म्हणाले. आता माणसानं नाही म्हणायचं कसं?

आमचे मोठे डॉक्टर रविवारी बिद्रीला लग्नाला जाणार होते, ती दुपार धरली. चाकांचं छोटं मशीन व्हरांड्यात ओढलं, वायर खिडकीतून घेतली. घोडीनं लाथ घातली तर माझी नोकरी आणि मशीन दोन्ही पंचगंगेत. साडूबुवा तर दर मिनिटाला फाटकाशी जाऊन मोटार येते का बघत होते. मी चाचांना बजावलं, अंगावरचं लोखंड, पितळ, सगळं काढा, फोटोत येतं. त्यांनी लगाम काढला, घुंगरं काढली, कपाळावरची पितळी फुलं काढली, तोंडाला धरायला मऊ दोरीची मोरकी तेवढी ठेवली. शिशाचा जड एप्रन घालून चाचा तिच्या नाकपुडीशी तोंड नेऊन पुटपुटत राहिले, साडूबुवांनी फिल्मची पेटी डोक्याला लावून धरली, आणि गुलाब, खरं सांगतो, आमच्या निम्म्या पेशंटांपेक्षा स्थिर उभी राहिली. हलत होते ते साडूबुवाच. मला ओरडावं लागलं, "अहो, तुम्ही थरथरू नका!"

ओली फिल्म डार्करूममधून बाहेर आणली आणि उजेडाला धरली. कानामागं, अगदी जिथं हवा तिथं, पांढराशुभ्र जाड ठिपका! साडूबुवांनी तो बघितला आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना नाचताना पाहिलं. "हाड! हाड वाढलंय! चाचा, कानाचं हाय, मेंदूचं न्हाय!" चाचांनी घोडीच्या मानेत तोंड खुपसलं आणि लहान पोरासारखे रडले. त्याच दिवशी सुया सुरू झाल्या.

सोमवारी सकाळी वाळलेली फिल्म मी निवांत बघायला घेतली. ठिपक्याच्या कडा सरळ होत्या. एका टोकाला बारीक कडी होती. मुलांनी गिळलेली नाणी, बायकांच्या केसांतले आकडे, हे सगळं मी वर्षानुवर्षं बघत आलेला माणूस. ते हाड नव्हतं, तो ताईत होता! उचगावला जाऊन आयाळीत हात घातला, तर कानाच्या बुडाशी काळ्या दोऱ्यात बांधलेला चांदीचा ताईत हाताला लागला. चाचा आश्चर्यानं म्हणाले, "लोखंड-पितळ काढा म्हनलासा. ताईत काय सामान हाय व्हय? तो तिचाच हाय, शिंगरू हुती तवापास्नं." ताईत कशाला शोधला, ते मात्र मी चाचांना सांगितलं नाही.

दुसरा फोटो काढायचीही सोय उरली नव्हती. व्हरांड्यात गुलाबनं मागं ठेवलेला प्रसाद मी झाडला होता, पण जिन्यामागचा राहिला. मोठ्या डॉक्टरांनी तो बघितला, आणि मशीनच्या खोलीची किल्ली त्यांच्या खिशात गेली ती गेलीच. नोकरी राहिली हेच नशीब.

साडूबुवांना सांगू की नको, यात मी दिवसभर होरपळलो. सांगावं तर घोडीच्या जिवावर येणार, न सांगावं तर पुन्हा हा माणूस न बघता बोलल्यासारखा होणार. शेवटी संध्याकाळी गेलो. ते सुया उकळत होते. ऐकून घेतलं आणि चिमटा खाली ठेवला. "म्हंजे मी काहीच बघितलेलं न्हाय," म्हणाले. मी म्हटलं, "मग आता?" हळूच उत्तर आलं, "सुया चालू ठेवायच्या. एकदा न बघता मारलं. ह्या खेपेला न बघता जगवून बघतो."

पुढचे बारा दिवस त्यांनी काढले ते देवानंच बघावेत. सकाळ-संध्याकाळ उचगाव. घोडी फिरतच होती, गल्लीवाले टोचून बोलतच होते. प्रत्येक खेपेला निघाल्यावर उचगावच्या फाट्यावरून हे परत फिरायचे, तबेल्याची कडी नीट लागली का बघायला. मी मागं बसून चरफडायचो. तेराव्या दिवशी पडलेला कान जरासा उभा राहिला. महिन्याभरात गुलाब रस्त्याच्या मधोमध नाकासमोर चालायला लागली, आणि चाचांनी टांगा थेट साडूबुवांच्या दारात आणून उभा केला. हे महाशय आनंदानं बाहेर यायचं सोडून मला विचारतात, "पावणं, पर ते कानाचं हुतं का मेंदूचं?"

हाच प्रश्न पुढं सात वर्षं. लग्नात, बारशात, एकदा तर अंत्ययात्रेत. आणि दर गुरुवारी उचगाव, घोडी बघायची, निघायचं, फाट्यावरून परत, कडी.

मग एका सकाळी चाचांचा निरोप आला, गुलाब गेली. म्हातारपणानं, झोपेतच. साडूबुवांनी बॅग घेतली, तिच्यात करवत आणि सुऱ्या आहेत हे मला आवाजावरूनच कळलं. चाचांनाही कळलं. ते म्हणाले, "बघायचं असंल तर बघा, डॉक्टरसाब. तुमचा हक हाय." साडूबुवा तिच्याजवळ उकिडवे बसले. कानामागच्या हाडावरून त्यांनी बोटं फिरवली. ताईत तिथंच होता. बॅग उघडली, आणि माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा बंद केली. "ऱ्हाऊ दे," म्हणाले. "सरळ चालली की शेवटपर्यंत. आणि काय बघायचं?"

तिला पुरून आम्ही निघालो. फाटा आला. मी सवयीनं स्कूटरवरून पाय खाली टेकवायच्या तयारीत होतो, पण गाडी थांबलीच नाही. सात वर्षांत पहिल्यांदा ते सरळ पुढं निघाले होते, आणि माझ्याच्यानं राहवेना. "साडूबुवा, जरा थांबा हं," म्हणून मी उतरलो, चालत परत गेलो आणि त्या रिकाम्या तबेल्याची कडी लागली आहे ना, ते दोनदा ओढून बघून आलो.